चुलीचा पंचनामा

सोसायटीच्या दुकानात तराजूपाशी बसलेल्या गेणबानं हात पुढं केला आणि सगुणानं त्या हातावर आपली पिशवी ठेवली. एरवी गेणबा खो खो हसला असता. आता त्यानं तिच्या मोकळ्या कपाळाकडं न बघता पिशवी बाजूला सारली आणि हात तसाच धरला. "पिशवी मागनं, वैनी. आधी रेशनचं कार्ड द्या." कार्ड! मागं बाया उभ्या होत्या, कुणीतरी तिच्या पाठीला पिशवी टेकवून पुढं सरकत होतं, मिलोच्या, त्या परदेशी लाल ज्वारीच्या पोत्यांचा तो दमट, बोटीतून आलेला वास नाकात जाऊन बसला होता. कार्ड तिनं कधी नीट हातात धरलंच नव्हतं म्हटलं तरी चालेल. ते काम भिवाजीचं, तिच्या नवऱ्याचं. तो पुण्यात लाकडाच्या वखारीत कामाला होता. आठवड्याला घरी यायचा, आला की दुसऱ्या दिवशी सकाळी कोट चढवायचा, दुकानात जायचा आणि मिलो खांद्यावर टाकून परत यायचा. कोट चढवायचा. एवढं मनात आलं मात्र, आणि तिचा उजवा हात पदराखाली आपोआप मिटला. "घरी ऱ्हायलं," ती म्हणाली. "आनते." गेणबा म्हणाला, "आना की. मिलो संपायच्या आत आना म्हंजे झालं." ती वळली. घरी राहिलेलं नाही हे तिला तिथंच, दुकानाच्या पायरीवर कळलं होतं. पण माणूस इतक्या लवकर स्वतःशी कबूल होतं होय?

घरी येऊन तिनं सगळं धुंडाळलं. देवळीत बघितलं, देवांच्या फळीवर हात फिरवला, ट्रंकेतली लुगडी झटकली, घोंगडीची घडी मोडली, मडक्यांची उतरंड खाली उतरवून एकेका मडक्यात डोकावली. दोन्ही हात शोधत होते आणि उजवा तळवा म्हणत होता, कशाला उगीच दमतीस बाई. तळव्याला सगळं आठवत होतं. भिवाजीच्या तेराव्याला अंगणात पाटावर बुधा बसला होता. हा बुधा डोंगरातल्या वाडीवरचा, भिवाजीच्याच वयाचा. पोरपणी दोघांनी एकत्र गुरं राखलेली. गेलेल्याच्या वयाचा माणूस बसवायचा, त्याला पहिलं पान वाढायचं आणि गेलेल्याची कापडं त्याच्या हातात द्यायची, अशी त्यांच्या घराची रीत. कापडं जशी असतील तशी द्यायची. धुवायची नाहीत, झटकायची नाहीत, आणि खिशात हात तर मुळीच घालायचा नाही. जे त्याच्या खिशात ते त्याचं. सासरे गेले तेव्हा त्यांच्या बंडीतली चांदीची चुन्याची डबी बंडीबरोबर गेली, आणि घरादाराला ते ठाऊक असून कुणी चकार शब्द काढला नव्हता. घेणारा उठला की मागच्या वाटेनं जाणार, वळून बघणार नाही, आणि घरातल्या कुणी त्याला हाक मारायची नाही. हाक मारली तर जाणाऱ्या जीवाचा पाय अडतो म्हणतात. कोटाची घडी घालायचं काम सगुणाकडं आलं. घडी घालताना आतल्या खिशाशी तळव्याखाली काहीतरी ताठ लागलं. चौकोनी. हात तिथंच थांबला. शेजारी गोजराबाई उभी होती, तिची थोरली जाऊ, आणि ती सगुणाच्या हाताकडंच बघत होती, निदान सगुणाला तसं वाटलं. नवऱ्याची राख गार झाली न्हाई आन् खिसं चाचपते, असं कुणी म्हणालं नव्हतं. पण सगुणाला ते स्वच्छ ऐकू आलं, आणि तिनं हात चटका बसल्यासारखा मागं घेतला. मग बुधा कोट घेऊन गेला. म्हणजे तिला तेव्हा कळलं होतं का? कळलं होतं आणि तरी दिलं? की कळलं नव्हतं, नुसतं हाताला लागलं होतं? ती उतरंडीच्या मडक्यांमध्ये बसून राहिली आणि हेच पुन्हा पुन्हा स्वतःला विचारत राहिली, पण तिला ते काही केल्या ठरवता येईना.

आता एक पुठ्ठा हरवला तर बाईनं एवढं का जिवाला लावून घ्यावं, असं कुणाला वाटेल. वाटू दे. जमीन दोघा भावांची एकत्रच होती. थोरले हैबतराव, गावचे पोलीस पाटील, तेच ती कसायचे आणि तेच बघायचे. घरही एकच होतं, मध्ये कुडाची भिंत घातलेलं. वेगळी झाली होती ती फक्त चूल. आणि ही चूल वेगळी आहे असं सरकारनं मानलं होतं ते त्या पुठ्ठ्यावर, दुसरीकडं कुठंच नाही. लग्न होऊन आल्यापासून सगुणा गोजराबाईच्या हाताखाली भाकरी थापत आली. थापायच्या तिनं, पीठ काढायचं गोजराबाईनं. पिठाच्या डेऱ्यात फक्त थोरलीचा हात जायचा. पुरुष जेवायचे, मग गडी, मग सासूबाई, मग थोरली, आणि मग उरलेल्या गार भाकरीशी सगुणा. कुणी छळ केला म्हणावं तर तेही नाही. गोजराबाई कधी तिला वावगा शब्द बोलली नव्हती. पण अंगात ताप असताना पेज करून प्यावीशी वाटली तरी मूठभर कण्या मागाव्या लागायच्या, आणि मागितल्यावर लगेच मिळायच्या, हसून मिळायच्या, आणि त्या हसण्यानंच तिच्या घशाखाली पेज उतरायची नाही. पोर झालं असतं तर पोराच्या नावानं हक्कानं मागता आलं असतं. ते झालं नाही. भिवाजीला तिनं कितीदा म्हटलं असेल, आपुन येगळं ऱ्हाऊ. तो म्हणायचा, दादाला काय वाटंल? शेवटी पावसानं दगा दिला, घरची कणगी तळाला गेली, सरकारचं धान्य गावात आलं, आणि जेवढ्या चुली तेवढी कार्डं असं गेणबानं गावात सांगितलं, तेव्हा कुठं भिवाजीनं धीर केला. ज्या दिवशी कार्ड झालं त्या दिवशी सगुणानं कुडाअलीकडं माती कालवून चूल घातली, ती ओली असतानाच पेटवली, आणि पहिली भाकरी तव्यावरून काढून तिथंच, उकिडवी बसल्या बसल्या खाल्ली. नुसती. बोटं भाजत होती, जीभ भाजली, मिलोची ती लाल भाकरी तोंडात भुगा होऊन पसरली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. भिवाजी दारात उभा राहून पोट धरधरून हसला. "आगं, आधी नवऱ्याला तरी घाल!" मग त्यानं कार्ड उघडून तिच्यापुढं धरलं, एका ओळीवर बोट ठेवलं, म्हणाला, ह्यो मी. खालच्या ओळीवर ठेवलं, आन् ही तू. तिला वाचता येत नव्हतं. पण आपण तिथं आहोत, त्याच्या खालोखाल, काळ्या शाईत आहोत, हे तिनं बघून ठेवलं होतं.

संध्याकाळी गोजराबाई ताट घेऊन आली. गावात गोष्ट पसरायला किती वेळ लागतो? "कार्ड घावंना म्हनं?" तिनं विचारलं. सगुणा म्हणाली, "न्हाई घावत, आक्का." कुठं आहे ते तिच्या ओठावर आलं होतं. पण ज्या बाईच्या डोळ्यांना भिऊन हात मागं घेतला तिलाच काय सांगायचं? गोजराबाईनं ताट पुढं सरकवलं. "घावंल. आन् न्हाई घावलं तर काय उपाशी ठिवतो व्हय आमी तुला? उद्यापासनं तिकडंच जेव. एका जीवापायी कशाला धूर करायचा?" सगुणा म्हणाली, "आक्का, जरा पीठच द्या. मी माज्या चुलीवर भाजून घेते." गोजराबाई खरोखर बुचकळ्यात पडली. "पीठ दिलं काय न् भाकरी दिली काय, फरक काय त्यात?" तिला कळेना आणि सगुणाला सांगता येईना. मग कुडापलीकडून हैबतरावांचा आवाज आला. थोरल्या दिरापुढं सगुणा बोलायची नाही. पदर पुढं ओढून भिंतीला लागायची, आणि तेही तिच्याशी बोलायचे ते असं, कुणाच्या तरी तोंडून. "तिला म्हनावं, काळजी करू नगं. माज्या कार्डावर तिचं नाव चढवून घेतो. एकट्या बाईमानसाची कसली आलीया चूल?" हे ते मायेनं बोलत होते, यात काडीचा संशय नाही. भाऊ गेल्यापासून त्यांचाही आवाज बसला होता. आणि म्हणूनच सगुणाचा संताप संताप झाला. भांडले असते, हिस्सा नाकारला असता, तर चार माणसांत बसून रडता तरी आलं असतं. गोड बोलणाऱ्यापुढं काय करायचं? तिनं दिरासाठी जाऊच्या कानात सांगितलं, "आबांना म्हनावं, मी पौडाला कचेरीत जाऊन येते. दुसरं कार्ड मिळतं म्हनं." गोजराबाईनं कपाळावर हात मारला. "सव्वा म्हैना व्हायचाय आजून! लोक काय म्हंतील?" पलीकडून हैबतराव म्हणाले, "जाऊ दे. तिच्या मनाचं समाधान व्हऊ दे." समाधान! ती त्या रात्री आडवी पडून राहिली आणि गार चुलीचा ओलसर, राखाडी वास तिच्या उशाशी येत राहिला.

लवळ्याच्या वाटेनं चालत ती पिरंगुटला गेली आणि तिथून एसटीनं पौडला. कचेरीच्या व्हरांड्यात माणसं बसली होती, कुणी उत्पन्नाच्या दाखल्याला, कुणी वारसाला. धान्याचं काम बघणारा कारकून चष्मेवाला, पुण्याकडच्या बोलीचा, साधा माणूस होता. त्यानं तिला बसायला सांगितलं, पाणी हवं का विचारलं. मग म्हणाला, "कार्ड हरवलंय की चोरीला गेलंय, बाई?" दिलं म्हणावं, तर जा आणि घेऊन या म्हणेल. चोरी म्हणावं, तर बुधाच्या दारात पोलीस उभे राहतील, आणि ते पोलीस घेऊन जाणार कोण, तर हैबतराव. "हरवलं," ती म्हणाली. "कुणाच्या नावावर होतं?" तिनं पदर सारखा केला. कारकुनानं वर बघितलं. "नाव सांगा ना. कार्डं नावानं लावलेली असतात." नाव तिच्या तोंडात होतं. जिभेच्या मागं, अगदी तयार. लग्न झाल्यापासून एकदा, हळदीकुंकवाला बायकांनी धरून बसवलं तेव्हा, उखाण्यात घोळवून घेतलेलं, त्यानंतर कधी नाही. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य उणं होतं, हे तिला आईनं सांगितलं होतं. आता उणं व्हायला उरलं होतं तरी काय? तरी जीभ हलेना. बाकावरचे दोघं तिघं पुरुष तिच्याकडं बघत होते. "ते वारलं," ती म्हणाली. "वाईट झालं. पण नाव?" आणि मग सुटल्यासारखी ती बोलून गेली, "चांद्याचं हैबतराव पाटील हायेत न्हवं? त्येंचं धाकलं भाऊ."

कारकुनाचा चेहरा उजळला. हैबतराव त्याला ठाऊक होते, तालुक्यात सगळ्यांनाच ठाऊक होते. त्यानं त्यांच्याच नावाची नोंद काढली आणि पुढ्यात ठेवली. "म्हणजे तुम्ही पाटलांच्या घरच्या. एकाच घरात राहता?" "घर योकच हाय. पर चूल येगळी हाय." "मुलंबाळं?" "न्हाईत." त्यानं चष्मा काढून पुसला. "असं बघा, ज्यांच्या नावावर कार्ड होतं ते तर आता नाहीत. मूळ कार्ड आणलंत, फाटकं का असेना, तर त्यांचं नाव कमी करून तुमचं वर घेतो आणि इथल्या इथं देतो. पण कार्डच नाही म्हटल्यावर चौकशी आली. तुमची चूल खरोखर वेगळी आहे का, हे तलाठी आणि पोलीस पाटील घरी येऊन बघतील. पंचनामा होईल. वेगळी निघाली तर नवं कार्ड, नाही तर पाटलांच्या कार्डावर नाव. उपाशी कुणी राहणार नाही." "पाटील?" सगुणानं विचारलं. "हो. तुमचे दीरच ना? मग काय, घरचंच काम." तो हसला. चांगली बातमी दिल्याचं समाधान त्याच्या तोंडावर होतं. परतताना एसटीत खिडकीशी बसून तिनं पदर तोंडावर ओढला आणि त्याच्याआड ते नाव घेऊन बघायचा प्रयत्न केला. नुसता पहिल्या अक्षराचा श्वास बाहेर आला आणि ती दचकून इकडंतिकडं बघायला लागली. शेजारची बाई म्हणाली, "बरं वाटंना का गं?" ती म्हणाली, "गाडी लागली." आपण तिथं नवऱ्याचं नाव टाळलं आणि दिराचं घेतलं, म्हणजे आपणच आपल्याला त्यांच्या घरात नेऊन बसवलं, हे तिला पिरंगुटच्या उतारावर कळलं. तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोजराबाईला काटक्या आणायला जाते म्हणून ती डोंगराची वाट चढली. माघाची थंडी होती, गवत वाळून पिवळं पडलेलं, वाटेवरची माती पायाला गार लागत होती. ती मागायला निघाली नव्हती. चढताना तिनं हे स्वतःला बजावून ठेवलं होतं. दिलेलं परत मागायचं नाही. नुसतं जायचं, बसायचं, पाणी प्यायचं, आणि काय होतंय ते बघायचं. वाडीच्या अलीकडच्या टेपाडावर ती आली आणि जागच्या जागी खिळली. पुढं उतारावर भिवाजी पाठमोरा उभा होता. तोच तपकिरी कोट, जुन्या बाजारातून आणलेला, एका खांद्यावर जरा उतरता, आणि डाव्या कोपरावर तिनंच लावलेलं काळं ठिगळ. सगळं अंग तिकडं धावलं. ओरडायचीच ती, "अवं" म्हणून. आणि तेवढ्यात कोटाखाली उघडे, काटकुळे, राखेच्या रंगाचे पाय दिसले. बुधा वळला. तिला बघून तोही घाबरला. मेलेल्याच्या घरचं माणूस दारात आलं तर काय समजायचं? त्यानं आधी कोटाच्या दोन्ही बाजू पोटाशी घट्ट धरल्या, पोर खाऊ धरतं तशा, आणि बायकोला हाक मारली, "फुले, भायेर ये. धाकल्या वैनी आल्यात."

फुलाबाईनं तिला झोपडीपुढं बसवलं, लोट्यातून पाणी दिलं. बुधा लांब, मोहाच्या झाडाखाली उभा राहिला. शेवटी फुलाबाईच म्हणाली, "बाय, काय चुकलं का आमचं? कापडं त्यानी रीतीनं नेली. मागं वळून बघितलं न्हाय." सगुणाचा धीर सुटला. "न्हाई गं, चुकलं काय न्हाई," ती म्हणाली. आणि मग, न मागता विचारायचं म्हणून, जमिनीकडं बघत, "कोटात... काय व्हतं का?" दोघा नवराबायकोंनी एकमेकांकडं बघितलं. बुधा पुढं आला, उकिडवा बसला. "व्हतं. धान्याचा कागुद व्हता, जाड. आमाला वळकू आला, गेणबाच्या दुकानात बघितलेला. आमाला कुटला तसला, आमच्या वाडीवर कुणालाच न्हाई." त्यानं कोटाच्या खिशावर हात ठेवला. "मी म्हनलं, ह्यो त्येच्या नावाचा कागुद हाय. ह्याच्यावर त्येला सरकार धान देतंय. आता त्यो तिकडं गेला, आन् कागुद माज्यापाशी. तितं त्येला कोन देनार? मंग मी खाली मुळा नदीवर गेलो न् डोहात सोडला. फुल वाह्यलं, नाव घेतलं, आन् सोडला. बुडंपातुर हुबा ऱ्हायलो वैनी, वर आला न्हाई. मिळाला आसंल त्येला." फुलाबाई म्हणाली, "मी म्हनत व्हते, ठिवून घ्या, आपल्याला दानं मिळतील. पर त्यो आयकंना. दोस्ताच्या तोंडचं खाऊ व्हय, म्हनाला."

सगुणाला हसू येतंय की रडू हे क्षणभर तिचं तिलाच समजेना. त्या कार्डावर त्याच्या खालोखाल तिची ओळ होती. म्हणजे तीही गेली डोहात, त्याच्याबरोबर, दोघांचा शिधा घेऊन. आणि भिवाजी तिकडं दुसऱ्या कुणा गेणबापुढं उभा आहे, कोट नाही अंगात, पण हातात कार्ड आहे, आणि तो म्हणतोय, ह्यो मी, आन् ही तू. बरं झालं, तिला एकदम वाटलं. आणि लगेच वाटलं, बरं कसलं झालं, मेले मी. बुधावर रागवावं तर कशासाठी? असल्या वर्षी, कंदमुळं उकरून खाणाऱ्या माणसानं हातातला शिधा पाण्यात सोडला होता. तिला रागवायला सुद्धा कुणी ठेवलं नव्हतं. "चांगलं केलंत," ती म्हणाली, आणि उठली. उतरताना बुधानं मागून विचारलं, "तुमाला लागत व्हता का त्यो, वैनी?" तिनं वळून बघितलं नाही. "न्हाई," ती म्हणाली. "मला कशाला?"

मग ते रिकामे दिवस सुरू झाले. पंचनामा कधी व्हायचा ते कुणी सांगेना. ती दोन्ही वेळा कुडापलीकडं जाऊन जेवायची, जेवताना खाली बघायची, खरकटं काढायची, भांडी घासायची, आणि आपल्या बाजूला येऊन चुलीसमोर बसायची. एकदा तिनं नुसतीच पेटवून बघितली; जाळ छान लागला, तवा तापला, आणि तापलेल्या तव्यापुढं हात जोडल्यासारखी ती बसून राहिली. मग तिला स्वतःचीच लाज वाटली आणि तिनं जाळ मागं ओढला. तिचं मन हळूहळू एका जागी फिरायला लागलं. कार्ड नाही म्हणून दाणे नाहीत, दाणे नाहीत म्हणून चूल गार, आणि चूल गार म्हणून कार्ड नाही. हे कुणाला समजावून सांगावं? हैबतरावांशी बोलायचं नाही. गोजराबाईशी बोललं तर ती म्हणणार, पोटाला मिळतंय न्हवं? मिळत होतं. अंगावर तर चांगली तुकतुकी येत होती. गोजराबाई आग्रह करकरून वाढायची, "खा, किती वाळलीस," आणि सगुणा खायची, पोटभर खायची, भूक लागायचीच. हे सगळ्यात वाईट होतं. एके दिवशी भाकरीचं पीठ मळताना तिच्या लक्षात आलं, की आपण डेऱ्याकडं न बघता थोरलीनं पीठ काढून द्यायची वाट बघत बसलोय, आधीसारख्याच, सहज.

आणि मग एका सकाळी अंगणात वहाणा वाजल्या, अनोळखी आवाज आला, "हीच का हो बाजू, पाटील?" तलाठी आला होता. काही ठरवायला वेळच नव्हता. तिनं चुलीत गवऱ्या कोंबल्या, चिपाडं घातली, काडी ओढली, फुंकणी न घेताच तोंडानं फुंकर घातली, आणि हाताला लागलं ते पातेलं पाण्यानं भरून चुलीवर ठेवलं, वर झाकण ठेवलं. घरभर धूर झाला. तलाठी वाकून आत आला, डोळे पुसत. मागं गोजराबाई आली. हैबतराव उंबऱ्याबाहेरच थांबले, तिच्या बाजूचा उंबरा ते ओलांडत नसत. सगुणा पदर नाकापर्यंत ओढून चुलीशेजारी भिंतीला लागून उभी राहिली. तलाठ्यानं चुलीकडं बघितलं. "चूल तर पेटलीय, पाटील," तो म्हणाला. तिनं देवाला हात जोडले, नक्की कुठल्या ते तिलाही ठाऊक नव्हतं. झाकण थरथरायला लागलं होतं. तलाठी सहज वाकला, धोतराच्या सोग्यानं झाकण उचललं, आत बघितलं. वाफेनं त्याचा चेहरा ओला झाला. "पाणीच आहे," तो म्हणाला. टिंगल केली नाही, तो तसा माणूस नव्हता. त्यानं फळीवर बघितलं, मडकी बघितली, एका मडक्यात हात घालून बोटं चोळून बघितली. हैबतराव बाहेरून हळू म्हणाले, "दानं न्हाईत, सायेब. आमच्यातच जेवती. धाकल्याची बायको, काय आमाला जड न्हाई." यातला एक शब्दही खोटा नव्हता. तलाठी म्हणाला, "म्हणजे एकत्रच म्हणायचं." हैबतरावांनी अंगणाकडं तोंड फिरवलं. मग म्हणाले, "एकत्रच. येगळं काय ऱ्हायलंय आता?"

तलाठी खाली बसला, मांडीवर कागद घेतला. लिहिता लिहिता त्यानं रीत म्हणून मान वर केली. "बाई, तुमचं काही म्हणणं?" उंबऱ्याबाहेर दिराची सावली होती. इतकी वर्षं त्या सावलीपुढं तिच्या तोंडून कधी शब्द निघाला नव्हता. तिनं भिंत सोडली. पदर मागं सरकला, तिनं तो सरकू दिला, आणि ती बोलली, "माजी चूल येगळी हाय." तिला वाटलं आपण ओरडलो, गावभर ऐकू गेलं असेल. पण घशात धूर होता, आणि शब्द खोकल्यात चिरडून, फाटून बाहेर आले. गोजराबाईचा हात तोंडाकडं गेला. तिला कळलं होतं. तलाठ्यानं कान पुढं केला. "काय म्हणतात?" त्यानं बाहेर बघून विचारलं. हैबतरावांना ऐकू आलं होतं की नाही देव जाणे. ते अंगणाकडं तोंड करून उभे होते, आणि त्यांचा आवाज भरून आला होता. "काय न्हाई, सायेब," ते म्हणाले. "दुक्कात हाय ती. लिवा तुमी."

तलाठ्यानं लिहिलं. सगुणाला पुन्हा एकदा म्हणायचं होतं, नीट, घसा साफ करून. ती तोंड उघडून उभी होती आणि खोकला थांबतच नव्हता. गोजराबाई पुढं झाली. तिनं सगुणाच्या पाठीवरून हात फिरवला, पदर पुन्हा तिच्या डोक्यावर नीट घातला, मग वाकून चुलीतल्या पेटत्या गवऱ्या बाहेर ओढल्या. "पान्यापायी कशाला जाळतीस," ती म्हणाली आणि पातेल्यातलं उकळतं पाणी तिनं त्या गवऱ्यांवर ओतलं. चर्र झालं. "चल," ती म्हणाली. "जेवाया चल."